दिराला दिलेलं लाल कार्ड

लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती. मुलगी फुटबॉल सोडणार नाही. वज्रेश्वरीत आमचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान. तिथे बसून वडिलांनी ही अट भिवंडीजवळच्या वळ गावच्या पाहुण्यांना सांगितली, तेव्हा सासऱ्यांना वाटलं, कॉलेजातला नाद आहे, पोरंबाळं झाली की सुटेल. ते हो म्हणाले.

पोरंबाळं व्हायच्या आधी गुडघा गेला. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी एका सामन्यात पाय मुरगळला, आतली लिगामेंट तुटली आणि डॉक्टरांनी खेळणं बंद केलं. धावता येईल, पण टक्कर नको, म्हणाले. घरात सगळ्यांना हळहळ वाटली आणि थोडं बरंही वाटलं. विषय मिटला होता. मग मी रेफ्रीची परीक्षा दिली आणि पास झाले.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या भाताच्या खाचरात वाढलेल्या. ती खाचरं आता गोदामांखाली गेली आहेत, पण त्यांचं चालणं अजून बांधावरचंच आहे, एकामागे एक पाऊल. त्यांनी मला परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पंचवीस बाप्यांच्या मदी तू एकटी जायची न्हाय. मी येते."

आणि त्या यायला लागल्या. दर रविवारी. हातात छत्री, पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. रेषेच्या बाहेर खुर्ची मागून घ्यायच्या आणि पदर खोचून बसायच्या. तिसऱ्या की चौथ्या सामन्यात एका प्रेक्षकाने माझ्या निर्णयावर आईवरून शिवी दिली. मी दुर्लक्ष केलं. आईंनी केलं नाही. त्या अर्धं मैदान वळसा घालून त्याच्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "तिची आय तिकडं वज्रेश्वरीला हाय. मी सासू. काय बोलायचा हाय तो मना बोल." तो माणूस निघूनच गेला.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं, "आई, असं मध्ये पडायचं नाही. रेफ्रीच्या घरचं कोणी भांडलं तर मला पुढचा सामना मिळणार नाही."

"मंग मी थयं बसून काय करू?"

"खेळ बघा."

त्यांनी ते मनावर घेतलं. खरोखर बघू लागल्या. रिक्षातून परत येताना विचारायच्या, त्या निळ्या शर्टवाल्याला सोडलास कशाला, ढकलला तं त्याने पन व्हता. मला उत्तर द्यावं लागायचं. परीक्षेत मला कोणी इतके बारीक प्रश्न विचारले नव्हते.

माझा धाकटा दीर गावच्या टीममध्ये पुढे खेळायचा. वेगवान, देखणा आणि तापट. भिवंडीतल्या एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात वळची गाठ निजामपुऱ्याच्या पोरांशी पडली. त्यातले बरेचसे कापडाच्या लूमवर काम करणारे, शिफ्ट बदलून आलेले. मी त्या दिवशी रेषेवर झेंडा धरणार होते. मुख्य रेफ्री हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि आयोजक माझ्याकडे आले. मी म्हटलं, "माझा दीर खेळतोय. मला देऊ नका." त्यांनी निजामपुऱ्याच्या कॅप्टनला विचारलं. तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "भाभी सीटी बजाएगी तो चलेगा. भाभी किसी की नहीं सुनती."

दुसऱ्या हाफपर्यंत गोल नव्हता. त्यांच्या बचाववाल्याने दिराचा शर्ट मागून ओढला, मी शिटी वाजवली, वळच्या संघाला फ्री किक दिली. खेळ थांबला होता. दीर वळला आणि त्याने त्या पोराच्या नडगीवर लाथ घातली. माझ्यापासून सात-आठ पावलांवर. त्या क्षणी मी वहिनी वगैरे काही नव्हते. हात आपोआप मागच्या खिशात गेला. लाल कार्ड वर धरल्यावरच मला दिसलं की समोर कोण उभं आहे.

"वहिनी, पयला त्याने ओढला."

"ओढल्याची फ्री किक दिली आहे. हे लाथेचं."

त्याने शर्ट खाली ओढून सरळ केला. मग हळूच म्हणाला, "आता घरी कंच्या तोंडानं जेवायला बसायचा?" हा प्रश्न त्याने स्वतःसाठी विचारला की माझ्यासाठी, ते मला आजही माहीत नाही. तो बाहेर गेला. दहा जणांनिशीही वळचा संघ चांगला खेळला, पण शेवटी एक गोल खाल्ला आणि हरला.

रिक्षात अंजूर फाट्यापर्यंत आई छत्रीची मूठ धरून बाहेर बघत होत्या. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. भाकरी तशीच होती.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. जेवायला बसल्यावर सासरे ताटाकडे बघून म्हणाले, "घरच्या मानसाला कोन भाईर काढतो?" नवरा गोदामातली ड्युटी करून आला होता, तो खाली मान घालून जेवत राहिला. दीर भात चिवडत होता. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाल्या, "मी माजे डोल्यांनी बगितला. शिटी वाजली, मंग याने लाथ मारली. शिटीच्या आदी मारली असती तं मीच सुनेला बोलले असते." आणि त्यांनी माझ्या ताटात वरण वाढलं.

खरं म्हणजे शिटीच्या आधी मारली असती तरी कार्ड तेच होतं. पण नियम समजावण्याची ती वेळ नव्हती.

दीर दोन महिने माझ्याशी बोलला नाही. चहा दिला तर घ्यायचा, कप मात्र आईंच्या हातात परत द्यायचा. त्याच दिवसांत मी वरच्या दर्जाची परीक्षा दिली. लेखी उत्तम झाली आणि धावण्यात नापास झाले. ठरलेल्या वेळात पुन्हा पुन्हा छोट्या धावा मारायच्या असतात. शेवटच्या धावेला मला किंचित उशीर झाला.

मग मी सकाळी गोदामांमागच्या रस्त्यावर एकटीच पळू लागले. ट्रक उभे असायचे, ड्रायव्हर दात घासत बघायचे. एक दिवस दीर मोटारसायकलवर बसलेला दिसला. तीन दिवस तसाच बसून निघून गेला. चौथ्या दिवशी त्याने दोन विटा आणल्या, पावलं मोजून एक इथे, एक तिथे ठेवली आणि मोबाईलवर घड्याळ लावून म्हणाला, "तू निघतेसच उशिरा. पयला पाय जोरात टाक."

महिनाभर त्याने मला पळायला लावलं. एकदा दम खाताना मी विचारलं, "राग गेला का?"

"न्हाय गेला. पिवला पन चालला असता."

"मग हे कशाला करतोस?"

तो विटेवर बसला. "नापास रेफ्रीने मना भाईर काढला, असा कोनी म्हनायला नको."

मी इतकी हसले की गुडघ्यावर हात ठेवून उभं राहावं लागलं. तोही हसला. दुसऱ्या वेळी मी पास झाले, आणि निकाल त्यानेच गावभर सांगितला.

त्यानंतर पायऱ्या हळूहळू चढत गेले. जिल्हा, राज्य, मग देशातल्या महिलांच्या मोठ्या लीगमध्ये सहायक रेफ्री म्हणून नेमणूक. आता वर्षातले कित्येक महिने मी परगावी असते. हेच माझं काम आहे. पहिल्या सामन्याला आईंना नेता आलं नाही. त्यांनी डबा दिला आणि विमानात छत्री नेऊ देतात का, एवढं विचारून घेतलं.

त्या सामन्यात उत्तरार्धात यजमान संघाने गोल केला आणि मी झेंडा वर केला. ऑफसाइड. सगळं स्टेडियम माझ्यावर ओरडलं. मुख्य रेफ्री कानातल्या यंत्रातून म्हणाल्या, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." हात मात्र खाली घेतला नाही, त्या शिटी वाजवेपर्यंत. नंतर ड्रेसिंग रूममध्ये चित्रण पाहिलं. गोल करणारी खेळाडू अर्धं पाऊल पुढे होती.

घरी सगळ्यांनी सामना टीव्हीवर पाहिला होता. मी फोन लावला. दिराने उचलला आणि लगेच आईंकडे दिला. "लय येल हात वर धरला व्हतास," आई म्हणाल्या. "दुखला का गो?"

"थोडा."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "तिला इचार, ती पोरगी खरंच फुडं व्हती का?"

"होती," मी म्हटलं. आईंनी ते सांगितलं. मग सासरे शेजारच्या कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "मी म्हनलो न्हवतो? आमची सून उगाच हात वर करत न्हाय."