एक रेघ, सही आणि कारण

वहीकाका बेसबॉलची मॅच पेनाने लिहायचे. हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत स्टेडियममध्ये मांडीवर वही घेऊन मॅच टिपणारे म्हातारे अजूनही दिसतात. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक पाळीसाठी वहीत एक चौकोनी घर आखलेलं असतं. त्यात काय घडलं ते आकड्यांत आणि खुणांत भरायचं. हे सगळे लोक पेन्सिलीने लिहितात, कारण नजर चुकते, पंचांचे निर्णय फिरतात, खोडावं लागतं. काकांचं पेन निळ्या शाईचं. एकदा शेजारच्या खुर्चीतला गोरा आजोबा त्यांच्या वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "यू आर अ ब्रेव्ह मॅन." काका शांतपणे म्हणाले, "नो सर. आय ॲम फ्रॉम क्वालिटी."

क्वालिटी म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावातल्या एका औषध कंपनीचं क्वालिटी डिपार्टमेंट. नागपूरहून केमिस्ट्री शिकून आलेल्या काकांनी नोकरीची सगळी वर्षं तिथल्या लॅबमध्ये काढली. लॅबच्या वहीत पेन्सिल चालत नाही, खोडरबर चालत नाही, आणि व्हाइटनरचं नाव काढलं तर लोक चोर पकडल्यासारखे बघतात. चुकलं तर चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, तीही खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही करायची आणि कारण लिहायचं. काकांनी हा नियम घरी आणला आणि बेसबॉलला लावला.

आमची ओळख माझ्या भांडकुदळपणामुळे झाली. मी नवीनच बॉथेलला आले होते. दर रविवारी दुपारी समोरच्या तळमजल्यावरच्या बाल्कनीतून रेडिओवर कुणीतरी इंग्रजीत तीन-तीन तास बडबडायचं आणि माझी रविवारची झोप उडायची. तिसऱ्या रविवारी मी तावातावाने खाली गेले. बाल्कनीत एक सडसडीत गृहस्थ डोक्यावर विटकी टोपी घालून बसले होते. टेबलावर वही, आणि शेजारी तर्री-पोह्यांची प्लेट. मी इंग्रजीत तक्रार सुरू केली. त्यांनी वर न बघता बोट वर केलं, वहीतल्या घरात काहीतरी लिहिलं आणि मग माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत विचारलं, "पुण्याची काय?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"दुपारच्या झोपेसाठी एवढं दुसरं कोण भांडते? बस. आठवी इनिंग आहे. आपली हरून राहिली."

"आपली" म्हणजे त्यांची टीम. तिला दुसरं नाव आहे, पण काकांच्या तोंडी मी ते कधी ऐकलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. आपली हरण्यात तरबेज होती. जिंकत आलेली मॅच शेवटच्या इनिंगमध्ये अशी काही घालवायची की क्रिकेटवर वाढलेल्या मलाही रडू यायचं. काका मात्र हरलेल्या मॅचचा शेवटचा चौकोन जिंकलेल्या मॅचइतक्याच सुबक अक्षरात भरायचे, पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "सीझन लांब आहे." माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. काकू गेल्यावर भेटायला आलेल्या लोकांना मात्र त्यांनी हे वाक्य म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.

मला बेसबॉल आवडायला दोन वर्षं लागली. आधी मी फक्त पोह्यांसाठी जात होते. मग सातव्या इनिंगच्या मध्यावर उभं राहायला लागले. त्या वेळी सगळं स्टेडियम उभं राहून पाय मोकळे करतं आणि एकत्र गाणं म्हणतं. काका घरी एकटे असले तरी दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि नागपुरी इंग्रजीत ते गाणं पूर्ण म्हणायचे. मी बसून राहिले की ओरडायचे, "ए पुणेकर, ऊठ! तुझ्यासाठी काय वेगळा कायदा आहे?" मी उठायचे. गाण्याचे शब्द अजून मला नीट येत नाहीत, पण चाल पाठ झाली.

एकदा मी त्यांना विचारलंच, की इतके खेळ सोडून हाच काहून? (त्यांच्यासोबत राहून माझ्याही तोंडात 'काहून' बसलं होतं.) त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्यातल्या फळ्याकडे बोट दाखवलं. बेसबॉलच्या फळ्यावर प्रत्येक टीमपुढे तीन आकडे असतात: किती रन, किती हिट म्हणजे स्वतःच्या जोरावर मारलेले यशस्वी फटके, आणि किती चुका. क्षेत्ररक्षकाच्या हातून सोपा चेंडू सुटला की त्याच्या नावावर चूक लागते आणि ती सगळ्या जगाला दिसते.

"माझे वडील मिलमध्ये होते," काका म्हणाले. "त्यांच्या चुका सगळ्यांनी मोजल्या. वस्तीचं नाव ऐकलं की आधीच मोजून ठेवायचे. हिट कोणी मोजले नाहीत. इथे पाहा, चूक पण लिहितात आणि हिट पण लिहितात, शेजारी शेजारी. आणि चूक करणारा पुढच्या इनिंगला परत त्याच जागेवर उभा राहते. त्याला कोणी घरी नाही पाठवत." एवढं बोलून त्यांनी चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला. मी मूठभर चिवडा घेतला आणि फळ्यावरचे तिन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले.

त्यांच्या जुन्या वह्या मी हळूहळू वाचायला लागले. मॅचपेक्षा मला त्यातल्या रेघाच जास्त आवडायच्या. बघायची राहिलेली इनिंग काका दुसऱ्या दिवशी पेपरातून उतरवून घेत नसत. त्या रिकाम्या घरांवर एक आडवी रेघ, सही आणि कारण. "कुकरच्या शिट्ट्या." "जयंतीच्या मंडपाची मीटिंग." "प्रज्ञाचा फोन." प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, दूर दक्षिणेत शुगर लँडला डॉक्टर. "प्रज्ञाचा फोन" ही नोंद प्रत्येक वहीत सापडायची, कधी एक घर, कधी दोन. फोन लांबत नसत. एका वहीत पूर्ण पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच रेघ होती. शेजारी सही, आणि कारणाच्या जागी फक्त "सुमन". सुमन म्हणजे काकू. ते पान मी पटकन उलटलं.

मग काकांचे डोळे गेले. पूर्ण नाही. डोळ्यांच्या मधोमध डाग आला. "बाजूचं सगळं दिसते, जिथं बघतो तेवढंच नाही दिसत," ते म्हणायचे. रेडिओ ऐकू यायचा, पण घरं दिसेनात. एका रविवारी मी गेले तर वहीवर आकडे एकमेकांवर चढले होते आणि काका पेन बंद करून हातात धरून बसले होते. इतक्या वेळा हरताना पाहिलेला माणूस, पण तो चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. "डोळ्यांशिवाय चालवलं असतं अजून," ते म्हणाले, "पण वही सुटली तर आपली टीम पण सुटते. नुसतं ऐकलं की हवेत जाते सगळं."

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. त्या सीझनभर दर रविवारी ते ऐकायचे आणि मी लिहायचे. मॅच संपली की सबंध वही मोठ्याने वाचून दाखवायची, हाही लॅबचाच रिवाज.

ऑगस्टमधली गोष्ट. पाचव्या इनिंगला माझा ऑफिसचा फोन वाजला. मी ऑनकॉल होते. काका डोळे मिटून मान टाकून बसले होते, मला वाटलं झोपले. मी हळूच बाहेर गेले आणि दहा मिनिटं कुणाचा तरी सर्व्हर उठवत बसले. परत येऊन फोनवरच्या ॲपमध्ये बघितलं आणि चार घरं भराभर भरून टाकली. कुणाला कळणार होतं?

मॅच संपल्यावर मी वाचायला लागले. पाचवी इनिंग आली. "तिसरा बॅटर, हिट," मी म्हटलं.

"थांब. तिथे रेघ आहे का?"

"कसली रेघ?"

"शॉर्टस्टॉपच्या जागेवरच्या फिल्डरच्या हातून बॉल सुटला होता. रेडिओवाल्याने आधी चूक सांगितली. दोन आउट झाल्यावर म्हणाला, चूक बदलली, हिट दिली. म्हणजे वहीत आधी चूक पाहिजे, तिच्यावर रेघ पाहिजे आणि मग हिट. रेघ आहे?"

"नाही."

"म्हणजे तू नव्हती."

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली बाई मी, झालेला घोळ गोड शब्दांत गुंडाळून वरिष्ठांना पाठवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. आणि एका न दिसणाऱ्या माणसाने मला एका रेघेवर पकडलं. "काका, एवढंसं तर होतं यार," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

ते चिडले नाहीत. "अगं, तू नव्हती तर नव्हती. त्यात काय? मी काय कमी वेळा नव्हतो? पण मग वहीत दिसू दे ना, की तू नव्हती आणि कुठे होती. चार घरांवर रेघ मार. सही कर. कारण लिही."

मी रेघ मारली, सही केली आणि लिहिलं, "ऑफिसचा फोन." काकांनी त्यावरून बोट फिरवलं, जणू शाई हाताला लागत होती. "आता झाली वही खरी," ते म्हणाले आणि पोह्यांची प्लेट मागितली.

हिवाळ्यात प्रज्ञा आली आणि काकांना शुगर लँडला न्यायचं ठरलं. एकटं ठेवणं शक्य नव्हतं, हे काकांनाही पटत होतं. मी वह्या खोक्यात भरत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं कोण लिहील?"

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आय लव्ह यू, पण इट्स सो स्लो! यू नो दॅट, मला नाही बसवत." लहानपणी तिला दर रविवारी स्टेडियममध्ये नेलं होतं आणि दर रविवारी तिने तिथे पुस्तक वाचलं होतं. तिचं खोटं नव्हतं.

मी म्हटलं, "काका, मी इथून लिहीन. फोनवर तुम्हाला वाचून दाखवीन."

"ती सांगोवांगी झाली, पुणेकर. शेजारी बसलेल्या माणसाने लिहावं लागते." मग खोक्यातून एक कोरी वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही तुझी. माझं मी बघतो. सीझन लांब आहे." या वेळी मात्र त्यांच्या आवाजाला ते पटलेलं नव्हतं. गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून माझ्या थोडं बाजूला बघत हात हलवत होते, कारण बाजूला बघितलं तरच मी दिसणार होते.

एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी मी माझ्याच बाल्कनीत रेडिओ लावला. पोहे जमले, तर्री नाही जमली. सबंध मॅच लिहिली, एकही घर रिकामं नाही. आपली हरली. संध्याकाळी काकांना फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मला काय काय वाटून गेलं ते लिहीत नाही. न लिहिलेली मॅच ऐकून ते अंधाऱ्या खोलीत बसले असतील, याखेरीज काही सुचेना.

सकाळी प्रज्ञाचा मेसेज आला: "सॉरी ताई, काल फोन दुसऱ्या खोलीत होता." सोबत एका पानाचा फोटो. निळी शाई. आकडे घरांबाहेर पळालेले, जागोजागी रेघा, प्रत्येक रेघेशेजारी सही. डॉक्टरची सही, म्हणजे ती कुणाला वाचता येणार नव्हतीच. सहाव्या इनिंगची मात्र सगळी घरं कोरी होती, त्यांच्यावर एक लांब रेघ, आणि कारण इंग्रजीत लिहिलेलं. त्याचा अर्थ: आईबद्दल बोलत होतो. मी आणि बाबा.

मी ते पान कितीतरी वेळ मोठं करून बघत बसले. ज्यांचे फोन कधी लांबत नसत अशी ती दोघं, आणि एक अख्खी इनिंग!

पुढच्या रविवारी तिसऱ्या इनिंगला माझा फोन वाजला. काका मॅच चालू असताना कधीच फोन करायचे नाहीत, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"जय भीम! लिहून राहिली ना?"

"हो काका. पण तुम्ही आत्ता? मॅच चालू आहे!"

"चालू दे की. प्रज्ञा लिहून राहिली, मी मोकळा आहे. आयुष्यात पहिल्यांदा मॅच चालू असताना मोकळा आहे मी. सांग, काय चाललं? तर्री जमली का?"

मी रेडिओ बारीक केला आणि पाय वर घेऊन बसले. तर्रीपासून सुरुवात झाली, मग ऑफिस, मग शुगर लँडचा उकाडा, मग प्रज्ञाचं अक्षर. फोन ठेवला तेव्हा पाचवी इनिंग सुरू झाली होती आणि आपली चक्क पुढे होती. मी पेन उघडलं, रिकाम्या घरांवर एक रेघ मारली, सही केली आणि कारण लिहिलं: वहीकाकांचा फोन.