तिसरं कडवं ठरलं होतं

आमच्या गावच्या उत्सव समितीच्या अध्यक्षानं मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. त्यानं मला एक गाणं कबूल केलं होतं. त्यातली दोन कडवी दिली आणि तिसरं गिळलं. हे मी चौकात सांगतो तेव्हा लोक हसतात. हसणाऱ्यांनी आधी सगळं ऐकून घ्यावं.

माझं बिछायत केंद्र आहे. लग्न असो, तेरवी असो, सप्ताह असो, मांडव, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे आणि जनरेटर माझ्याकडून जातात. धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक जुनी ताडपत्री आणि मागून आणलेल्या लाकडी बल्ल्या होत्या. कनाती, म्हणजे मांडवाच्या कापडी भिंती, बायकोनं घरी शिवल्या. ती दुसरबीडकडची. तिनं माहेराहून शिलाई मशीन आणली होती, मी एक टेपरेकॉर्डर घेतला होता. दिवसभर दोन्ही सोबत चालायचे.

टेपसाठी एक कॅसेट मी मलकापूरला स्टेशनबाहेरच्या टपरीवर भरून घेतली. तेव्हा तसंच चालायचं. टपरीवाल्याकडे मूळ कॅसेट असायची, तो कोरीवर उतरवून द्यायचा. मी भाव निम्म्यावर आणला. त्यानं हुज्जत घातली नाही, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

कॅसेट बाईंच्या गाण्यांची होती. आमच्या भागात नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोणती गाणारी ते कळतं. शेवटचं गाणं आखजीचं. आखजीच्या सणाला सासुरवाशीण भावाची वाट पाहते, तो येऊन तिला माहेरी नेतो. पहिल्या कडव्यात पोरीला वेशीवर धूळ दिसते. दुसऱ्यात सासू म्हणते, ती दुसऱ्याच कोणाची गाडी आहे. पण पोरीला घुंगरांचा आवाज ओळखीचा वाटतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाई ओळ घेतात, 'वेशीवर ही धूळ दादा, तुझी का वाऱ्याची'. मग पेटी वाजते, बाई श्वास घेतात, आणि टेप संपते. टपरीवाल्यानं स्वस्तातली छोटी कॅसेट वापरली होती.

मी भांडायला पुन्हा मलकापूरला गेलो, तर टपरीच उठलेली.

"तुम्ही त्याचा भाव पाडला, त्यानं तुमचं कडवं पाडलं," बायको म्हणाली. "फिटंफाट झाली."

तेव्हापासून आमचा वाद आहे. भाऊ आला का नाही? माझं म्हणणं, आला. रडायला पैसे देऊन कॅसेट कोण घेईल? धंद्याच्या हिशेबानं त्याला यावंच लागतं. तिचं म्हणणं, नाही आला. "आला असता तर बाईनं इतका जीव लावून काऊन गायलं असतं?" कनात शिवता शिवता ती हे म्हणायची आणि पायाखाली मशीन जोरात चालवायची, म्हणजे माझं उत्तर तिला ऐकू येऊ नये. पोरं झाली, मोठी झाली, आणि तीही वाटून घेतली गेली. मुलगी माझ्या बाजूनं, मुलगा तिच्या. मांडवाचा एखादा खांब मनासारखा बसला नाही आणि मी पोरांवर ओरडलो, की ती मागून म्हणायची, "चिडू नका, येईन तुमचा दादा."

मूळ कॅसेट पुढे मिळालीच नाही. काढणारी कंपनी बंद पडली होती. मोबाईल आले तेव्हा मुलानं शोधून एका गावच्या कार्यक्रमातलं तेच गाणं काढलं. आम्ही दोघं फोनला कान लावून बसलो. दोन कडवी झाली आणि बक्षिसाची आरोळी आली. आमच्याकडे ही रीतच आहे. गाणं आवडलं की माणूस उठतो, चिठ्ठीत नाव लिहून नोट स्टेजवर देतो, आणि गाणाऱ्यानं थांबून त्याचं नाव घ्यायचं, आभार मानायचे. जितकं गाणं आवडतं तितकं ते थांबतं. त्या फोनमधल्या कार्यक्रमात ते लोकांना फारच आवडलं असणार.

एवढ्या वर्षांत बाईंचा कार्यक्रम आमच्या आसपास झाला नाही असं नाही. पण त्या दिवशी माझा मांडव दुसरीकडे असायचा. आणि जिथं माझा मांडव, तिथं मी पडद्यामागं. मोठमोठ्या गाणाऱ्यांच्या मी पाठी पाहिल्या आहेत. बायको त्याहून मागं, जनरेटरशेजारी, माझ्या माणसांचा स्वयंपाक करत. त्या जनरेटरनं तिचे कान घेतले. उजवा पार गेला. डावा जातो आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आहे तोवर आहे. घरी येताना बसमध्ये उंद्री गाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "तिसरं कडवं तेवढं राह्यलं."

म्हणून या वर्षी अध्यक्ष मांडवाचं ठरवायला आला आणि म्हणाला, "काका, यंदा भाव नीट लावजा. बाईले आणून राह्यलो," तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. ही चूक होती. घेणाऱ्यानं चेहरा दाखवू नये, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं.

"काय म्हणते तो?" बायकोनं आतून विचारलं.

"बाई येऊन राह्यली," मी ओरडलो. ती पिठाच्या हातानं दारात आली. अध्यक्षानं आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि मला कळलं, आता भाव माझ्या हातात राहिला नाही. मी मग उलटा गेलो.

"भाव तुम्ही म्हणसान तो," मी म्हणालो. "पण आखजीचं गाणं पूर्ण झालं पायजे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मधात बक्षीस नाही, सत्कार नाही, सूचना नाही. गाडीचा लाईट चालू राह्यला असं सांगायचं असलं तरी नंतर."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

त्यानं माझ्या हातावर हात मारला. "ठरलं काका." आमच्या धंद्यात 'ठरलं' या शब्दापुढे कागद लागत नाही. निदान मला कधी लागला नाही.

कार्यक्रमापर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. पन्नाशी उलटल्यावर माणसाला एखाद्या दिवसाची इतकी ओढ लागू शकते हे मला माहीत नव्हतं. मी नव्या कापडाचा तागा काढला आणि बायकोनं डोळे बारीक करून स्टेजची झालर शिवली. जुनी कॅसेट केव्हाच गुंता होऊन गेली होती, तरी मशीनवर ती तेच गुणगुणायची. दुसरं कडवं संपलं की थांबायची, श्वास घ्यायची आणि दोरा तोडायची. बाजाराच्या दिवशी उंद्रीला गेलो तर बांगड्या विकणारी म्हातारी विचारत होती, "खरंच येऊन राह्यली का बाई?" तिला बाईंच्या जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या होत्या. शाळेतले निवृत्त गुरुजी, गिरणीवाला, एसटीचा एक ड्रायव्हर, ज्याच्या त्याच्या मनात एकेक गाणं होतं. ड्रायव्हरनं तर त्या दिवसाची ड्युटी बदलून घेतली. मी सगळ्यांना एकच सांगत होतो: चिठ्ठ्या द्या, पोटभर द्या, पण आखजीच्या गाण्यात नाही. लोकांनी ऐकलं. आपल्या माणसांचं एक आहे, नीट सांगितलं तर ऐकतात.

जनरेटर मी शाळेच्या मागं नेला आणि तेवढी केबल टाकली. डावीकडच्या भोंग्याचं तोंड जरा आत वळवलं. त्याच्या समोर पहिल्या रांगेत बायकोची खुर्ची, तिच्या उजवीकडे माझी, म्हणजे तिचा डावा कान भोंग्याकडे मोकळा राहील. ती खुर्ची मी तीनदा उचलून ठेवली असेल. माझा माणूस म्हणाला, "मालक, बाईसाठी इतकं नाही केलं तुम्ही."

"माह्या बाईसाठीच करून राह्यलो बे," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माझ्या मांडवात समोरून बसलो. स्वतःचं काम समोरून कसं दिसतं तेही तेव्हाच पाहिलं. झालर सरळ होती. बायकोनं माहेरचं लुगडं काढलं होतं आणि ती रांगेत सगळ्यांत ताठ बसली होती.

बाई आल्या. आता अंगानं जड झाल्या आहेत, स्टेजच्या पायऱ्या चढताना पेटीवाल्याचा हात धरला. आवाज कॅसेटपेक्षा खाली आला आहे, पण त्यामुळं तो जवळचा वाटला, जसं कोणी ओट्यावर शेजारी बसून सांगावं. काही गाणी झाली. चिठ्ठ्या येत होत्या, नावं घेतली जात होती, मी शांत होतो. मग पेटीवर ते सूर आले. बायकोला ते कळले का म्हणून मी पाहिलं. तिनं माझा हात आधीच धरला होता.

पहिलं कडवं झालं. एकही माणूस उठला नाही. गिरणीवाला तर आपल्या दोन्ही हातांवर बसला होता. दुसऱ्या कडव्यात सासूची ओळ बाईंनी अशी घेतली की बायका हसल्या, आणि घुंगरांच्या ओळीला त्याच बायका गप्प झाल्या. 'वेशीवर ही धूळ दादा'. पेटी वाजली. बाईंनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. तो श्वास मी ओळखतो.

तेवढ्यात अध्यक्ष माईक घेऊन स्टेजवर चढला.

"बाई, माफ करा. माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ माझ्याकडून छोटीशी भेट."

बाईंनी डोळे उघडले, हात जोडले, त्याच्या वडिलांचं नाव घेतलं. त्यात त्यांचा दोष नाही, रीतच ती. पण एकदा अध्यक्षच चढला म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतील? सगळा मांडव उठला. ज्यांनी इतका वेळ जीव आवरला होता ते नोटा आणि चिठ्ठ्या घेऊन धावले. नावांवर नावं झाली. त्यातच कोणी ओव्यांची फर्माईश केली, बाईंनी ओव्या धरल्या, आणि मग दहा वाजले. दहाला भोंगे बंद करावे लागतात. बंद करणारा माणूस माझाच.

मी उभा राहून ओरडत होतो तेव्हा बायको माझी बाही ओढत होती. "झालं का?" ती विचारत होती. "तिसरं झालं का? मले नाही आलं ऐकू."

"नाही झालं. गायलंच नाही."

ती "बरं" म्हणाली.

मी मागं धावलो. बाईंची गाडी निघाली होती. ढोलकीवाला ढोलकीला गवसणी घालत होता, त्याची जीप हॉर्न देत होती. मी त्याला धापा टाकत तिसऱ्या कडव्याचं विचारलं.

"आखजीचं? हाव, आहे ना. सांगू का काय होते ते?"

"नको," मी म्हणालो. तो माझ्याकडे पाहतच राहिला. पण माझं ठरलं होतं ते बाईंच्या तोंडून आणि बायकोच्या कानात. उभ्याउभ्या मिळालेल्या बातमीला मी काय करू?

सकाळी अध्यक्षाकडे गेलो. तो दात घासत होता.

"गाणं तर झालं काका. दोन कडवे म्हणजे गाणंच. तुम्ही तर उगाच ताणून राह्यले."

"उद्या तुह्या पोरीच्या लग्नात दोन बाजूनं कनात लावतो आन् तिसरी उघडी ठेवतो. म्हणशीन का मांडव झाला?"

"वडिलायची गोष्ट होती, मले भरून आलं. बरं, तुमचा भावातला फरक घेऊन जा. बस?"

पैशाचं भांडण असतं तर मी ते ब्रश तोंडात असतानाच जिंकलं असतं. मी काही न घेता परत आलो.

आता खरी गोष्ट. घरी बायको म्हणते, कडवं झालं होतं. बाई गायल्या, सगळ्यांनी ऐकलं, फक्त तिच्या कानानं दगा दिला, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलतो. "माह्यासाठी बोलून राह्यले तुम्ही. माहीत आहे मले." मी शेजारच्या दोघींना आणलं, त्यांनी शपथेवर सांगितलं. ती हसली. "तुम्ही भाव करून साक्षीदारबी आणसान." कोणीतरी मोबाईलवर काढलेलं दाखवलं, तर त्यातली नुसती गर्दी तिला ऐकू येते. वादही ती आता घालत नाही. परवा मी मुद्दाम म्हणालो, दादा आलाच असणार. तर म्हणाली, "आला असन. तुम्ही ऐकलं ना." मशीनवर गुणगुणणंही बंद आहे.

ते कडवं मला अजून पाहिजे. बाई जिथं गातील तिथं मी तिला घेऊन जाईन, डावा कान आहे तोवर. पण त्याआधी एक काम अध्यक्षाचं आहे, आणि ते दुसरं कोणी केलं तर चालणार नाही. अध्यक्ष साहेब, तुम्ही माझ्या घरी या. तिच्या डाव्या बाजूला बसा आणि मोठ्यानं, माईकवर बोलला होतात तितक्या मोठ्यानं सांगा: काकू, तुमचे कान बरोबर होते, बाई गायल्याच नाहीत, मी थांबवलं. कधी येता ते सांगा.