मानाचा बैल, व्हर्जन टू

“सर, ह्या गेममधी मानाचा बैल कुनाचा हाय?”

शाळेच्या ऑफिसात किशनराव पाटलांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पाटील म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. हेडसर त्यांच्या मागे उभे होते. स्वतःच्याच ऑफिसात, आणि उभे.

मी बोरीजवळच्या एका गावात गणित शिकवतो आणि शाळा सुटली की मोबाइलचे गेम बनवतो. हा नाद मला कुणी लावला नाही आणि बायकोच्या मते आता कुणी सोडवणारही नाही. आधीचे गेम फक्त मेहुण्याने डाउनलोड केले होते, तेही मी समोर बसवून. मग पोळ्याचा गेम केला. त्यात आमच्याच गावची वेस, तिला आंब्याच्या पानांचं तोरण. आपलं नाव टाकायचं, बैलाची झूल निवडायची आणि स्क्रीनवर भराभर बोटं आपटायची. ज्याची बोटं चपळ, त्याचा बैल तोरणाखालून आधी जातो. पोळा तोंडावर आला होता, त्यामुळे गेम पार जिंतूरपर्यंत पोचला.

गेमला लीडरबोर्ड असतो, म्हणजे जिंकणाऱ्यांची यादी. तिच्यात सगळ्यात वर पंक्चरवाला बालाजी होता. त्याला ना जमीन, ना बैल. पण दोन पंक्चरच्या मधे त्याला वेळच वेळ असतो.

खऱ्या पोळ्याला मात्र पहिला बैल पाटलांचा निघतो. मान पिढीजात आहे. त्यांच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर असतो, म्हणून पोळ्याला बैलजोडी पाव्हण्यांकडून उसनी येते. बैल उसना असल्याचा विषय कुणी काढत नाही.

“मालक, खेळ आहे तो. ज्याचा स्पीड जास्त...”

“स्पीड गेला चुलीत! आमच्या वेशीतून बालाजीचा बैल म्होरं जायलाय, आन् आमी बघत बसायचं व्हय?”

“मग तुम्ही पण खेळून बघा ना.”

“खेळलो की. बोटं दुखायलीत.”

हेडसरांनी घसा साफ केला. “सरांच्या मान्यतेच्या प्रस्तावावर साहेबांची सही राहिलीय अजून,” ते सहज आठवल्यासारखं म्हणाले.

प्रस्ताव म्हणजे माझी नोकरी कायम होण्याचा कागद. अध्यक्षांच्या सहीशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि तो सरकला नाही तर मी घरी.

“गेम काढून टाकू का, मालक?”

“काडता कशाला? लय झ्याक हाय. फकस्त आमचा बैल म्होरं राहू द्या. पोळा झाला की सही करतो.”

प्रोग्रामिंगमध्ये एक पाप आहे. त्याला हार्डकोडिंग म्हणतात. सगळ्यांना एक नियम न ठेवता कोडमध्ये सरळ एखाद्याचं नाव लिहून टाकायचं. गावात यालाच परंपरा म्हणतात. मी लिहिलं: नाव ‘किशनराव पाटील’ असेल, तर बैल थेट तोरणाजवळ उभा करा. स्वतःचाच राग आला, पण लिहिलं. पाटलांचं नाव टाकून खेळून बघितलं, बैल पहिला आला, अपडेट पाठवून दिलं. टेस्टिंग संपलं.

एक गोष्ट मी तपासलीच नव्हती. माझ्या गेममध्ये एकाच नावाचे कितीही खेळाडू चालत. गावात ज्ञानेश्वर पैशाला पासरी, त्यांना कशाला अडवायचं, असा माझा उदार विचार होता.

बालाजी आधी चिडला. मग त्याने डोकं चालवलं आणि स्वतःचं नाव खोडून ‘किशनराव पाटील’ टाकलं. बैल थेट तोरणाला. हवा भरायला येईल त्याला तो हे दाखवत सुटला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलांनी मला पुन्हा ऑफिसात बोलावलं. लीडरबोर्ड उघडला होता. पहिला किशनराव पाटील, दुसरा किशनराव पाटील, तिसरा किशनराव पाटील. पाटील बोटाने यादी वर सरकवत होते आणि किशनराव पाटील संपत नव्हते.

“सर,” ते हळूच म्हणाले, “ह्यातला मी कोन्ता?”

“आपली ओळ पिवळी दिसते, मालक.” मी यादी सरकवत सरकवत पार तळाला नेली. सगळेच बैल तोरणाजवळून निघाल्यावर पुन्हा बोटांवरच आलं होतं. “हा बघा. शेवटचा.”

“आन् बाकीचे कोन हायत?”

“गाव, मालक.”

हेडसर भिंतीवरच्या घड्याळात फार बारकाईने बघू लागले.

“पयल्यासारकं करा,” पाटील शेवटी म्हणाले.

“मग बालाजी पहिला येईल.”

“येऊ द्या. त्याच्या नावानं येईल ना? माझ्या नावानं तर न्हाई!” त्यांनी हेडसरांपुढे हात केला. “आना तो प्रस्ताव. आन् सर, ही गोष्ट ह्या खोलीच्या भाईर जाऊ द्यायची न्हाई.”

सही झाली. मी शब्द पाळला, कुणाला काही बोललो नाही. सांगायला गावात कुणी उरलंही नव्हतं. त्याच दिवशी नियम काढला आणि बालाजी पुन्हा वर गेला.

तेव्हापासून गेम बाजारात सोडण्याआधी मी तो बालाजीच्या दुकानात नेऊन देतो. साहेबाची मागणी पुरी झाली की नाही, हे साहेब सांगतो. ती पुरी केल्यावर काय होईल, ते पंक्चरच्या दुकानात आधी कळतं.