मयतीला दोन वर्षं उशिरा पोचणारा मामा

मेलेल्या माणसाला त्याच्याच घरी जाऊन रागावणारा माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात एकच, आणि तो माझा सख्खा मामा आहे. आमच्या घरचे हातमाग बंद पडले तेव्हा बाबा कळमेश्वरच्या कारखान्यात हमालीला लागले, आई लोकांच्या साड्यांना फॉल लावू लागली, आणि त्या फॉलच्या जोरावर मी मानसशास्त्रात एम.ए.ला गेले. मामा मात्र उमरेडला शेवटपर्यंत मागावर बसला. शिक्षण चौथी, पण मयतीचा मोठा जाणकार. दुसऱ्यांनी बांधलेल्या तिरडीच्या गाठी सोडून पुन्हा बांधायचा, सगळ्यात गप्प माणसाशेजारी मुद्दाम जाऊन बसायचा, आणि घरी येऊन निकाल द्यायचा, "रडणं बरं झालं. चहा पांचट होता."

कोरोनात त्याचे फार हाल झाले. "माणसं मरून राहिली अन् मी घरात बसून राहिलो," म्हणत तो गच्चीवरून दिसेल त्या ॲम्ब्युलन्सला हात जोडायचा. रिकामीलाही. बाबा त्याच लाटेत गेले. त्यांच्या मातीला मामाच काय, आम्हीही नव्हतो. सगळं सुरळीत झाल्यावर मामाने राहून गेलेल्या घरांची यादी केली आणि एसटी धरली. धरमपेठेत एका मुलाने दार किलकिलं करून सांगितलं, "बाबा वारले, दोन वर्षं झाली."

"मालूम आहे. त्यायलेच भेटाले आलो," म्हणत मामा चपला काढून आत. तासाभराने तोच मुलगा डोळे पुसत त्याला स्टँडवर सोडायला आला.

आमच्याकडे तो सगळ्यात शेवटी आला. आपल्या घरी यायला म्हणे हिंमत लागते. आई तोवर एकदाही रडली नव्हती, नीट झोपली नव्हती. "मीच त्यायले भरती केलं," एवढंच घोकायची. मी तेव्हा मनोविश्लेषण वाचत होते: गेलेल्या माणसावरचा राग काढता आला नाही, की तो आपल्यावरच उलटतो. हे मी आईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. गॅस बारीक कर."

मामा बाबांच्या फोटोसमोर मांडी ठोकून बसला. "काहून हो भाऊजी, मास्क हनुवटीले लटकवून फिरत होते नं? मोठे पहेलवान!"

"गेलेल्या माणसाले बोलतं काय गा?" आई उसळली.

"बोलतो! चार दिवस ताप लपवला यायनं. तुले तरी सांगितला का वं ताई?"

"कुठी सांगितला!" आई ताडकन उठली. "सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं. थर्मामीटर आणलं तं म्हणे, ठणठणीत आहो मी! अन् मले एकटीले टाकून..." ती मटकन खाली बसली आणि रडली, रडतच राहिली. मामा जागचा हलला नाही. तिचं रडणं ओसरल्यावर मला म्हणाला, "चहा टाक वं पोरी. चांगला कर."

तोंडी परीक्षेत मी म्हटलं, शोकातला राग समजावून निघत नाही, शेजारी बसून आधी आपण रागवावं लागतं. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे कुठे वाचलंत? मी ताठ मानेने सांगितलं, "मामाकडे पाहिलं." आता हुडकेश्वरच्या एका दवाखान्यात मी समुपदेशक आहे, आणि सगळ्यात गप्प माणसाशेजारी आधी बसते. मामा थकला आहे. यादी संपली. परवा म्हणाला, "माह्या मयतीले उशीर नको करजो. अन् मले चांगल्या शिव्या देजो." मी हो म्हटलं, पण त्याला द्यायला एकही शिवी अजून सापडलेली नाही.

आमच्या घराण्यात एम.ए. झालेली मी पहिली. आणि आई आता झोपते.