आईनं मांडलेला पट्टा

बांगलादेशाची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा वाशिमला डी.एड. करत होते आणि सुट्टीत रिठदला घरी आले होते. माझा मामा मालेगावात रेडिओ दुरुस्त करायचा. कोणत्याशा जत्रेत त्यानं काचेच्या पेटीतला नेमबाजीचा खेळ पाहिला होता आणि तसाच आपणही करायचा हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. पोहरादेवीच्या यात्रेला पंधरा दिवस असताना तो पेटी एस.टी.च्या टपावर टाकून आमच्याकडे घेऊन आला. त्याला चित्रं काढायला मी हवी होते.

पेटी लाकडी, पुढून काच. आत दोन्ही बाजूंना दोन उभे रूळ आणि त्यांच्यावर मांजरपाट कापडाचा लांबलचक पट्टा गुंडाळलेला. बाहेर सायकलचं पायडल. ते फिरवलं की पट्टा उजवीकडून डावीकडे सरकायचा आणि त्याच्यावरचे डोंगर, झाडं, पूल, रणगाडे, विमानं समोरून जाऊ लागायची. काचेच्या आत आपलं एक पत्र्याचं विमान होतं. ते दांडीनं खालीवर करायचं. समोर शत्रूचं विमान आलं की बटण दाबायचं. ज्या चित्राला गोळी लागायला हवी त्याच्या मागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली असायची. नेम बरोबर असला की आतली पितळी टोकं त्या चांदीवर टेकायची, घंटी वाजायची आणि लाल बल्ब पेटायचा. सगळं बॅटरीच्या सेलवर.

मामाची खरी हुशारी पुढे होती. चित्रं पट्ट्यावर रंगवलेली नव्हती, ती टाचण्यांनी लावलेली होती. खोकाभर डोंगर, झाडं, विमानं कापून ठेवली होती. ज्याला वाटेल त्यानं आपला पट्टा आपल्या मनानं मांडावा आणि दुसऱ्याला खेळायला लावावा.

"दुसऱ्याची लढाई लोक येकदा खेळतीन," मामा म्हणाला, "स्वताची मांडली तं दिवसभर हालनार नाईत."

ते खरं निघालं. आठवडाभर आमच्या अंगणात गर्दी. आमच्या बौद्ध वस्तीतले लोक तर होतेच, पण गावातले, जे एरवी आमच्या अंगणात पाय ठेवत नसत, तेही येऊन रांगेत उभे राहिले. पहिले दोन दिवस सगळ्यांनी विमानंच मांडली. मग कुणी रानडुकरं मांडली, कारण ज्वारी त्यांनी खाल्ली होती. एका म्हाताऱ्यानं नुसते डोंगर आणि नदी मांडली, मारायला काहीच नाही. पायडल फिरवायला लावून तो बघत बसला. शाळेच्या गुरुजींनी असा पट्टा मांडला की मामालाही तो पार करता आला नाही.

बाबा हे सगळं कौतुकानं बघायचे. बाबा पोस्टमन होते. आजूबाजूच्या खेड्यांत सायकलवर टपाल वाटायचे. पुराच्या दिवसांत सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडून त्यांनी मनिऑर्डर पोचवल्याची गोष्ट लोक सांगायचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचून दाखवायचे, वाईट बातमी असली तर आधी पाणी प्यायला सांगायचे. दीक्षा घेऊन नागपूरहून परत आल्यावर वस्तीत घरोघर जाऊन पोरींना शाळेत घाला म्हणून सांगणारे तेच होते. मी शिकले ती त्यांच्यामुळे. हे मी आजही म्हणते.

आई सातवी पास होती. त्या काळात आमच्यात एवढी शिकलेली बाई आसपासच्या गावांत नव्हती. पण ती शेतात निंदायला-खुरपायला जायची, घर बघायची, आणि फारसं बोलायची नाही. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा.

रविवारी दुपारी भांडी घासून, हात पदराला पुसत ती पेटीपाशी आली.

"भाऊ, मले येक पट्टा मांडू दे."

मामाला आनंद झाला. "मांड ना बाई. घे हे खोकं."

"खोकं नको. कोरा पट्टा दे, कात्री दे, चांदी दे."

माझ्या वह्यांना घालायचे खाकी कागद तिनं फळीवरून काढले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. दोन तास ती बाहेर आली नाही. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू जाय. माहं मी करतो." वऱ्हाडात आमच्या आयाबाया करतो, जातो असंच म्हणतात.

ती पट्टा घेऊन बाहेर आली तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. बाबा मांडवाच्या मेढीला टेकून चहा पीत होते. मामानं पट्टा रुळांवर चढवला आणि पायडल धरलं. आई स्टुलावर बसली. तिनं एका हातात दांडी धरली, दुसरा अंगठा बटणावर ठेवला.

पट्टा सरकू लागला. आधी बाभळी आल्या, मग आमचा नाला, मग एस.टी.चा थांबा. चित्रं साधी होती पण ओळखू येत होती. मग सायकलवरचा एक माणूस आला. खाकी कपडे, खांद्याला थैली. आईनं विमान नेमकं त्याच्यासमोर आणलं आणि बटण दाबलं. घंटी वाजली.

"अरे, हे तं आपले डाकवाले," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाही हसले.

पुन्हा झाडं. पुन्हा सायकलवरचा खाकी माणूस. घंटी. पुन्हा हसू. मग तिसरा, सायकल हातात धरून चालणारा. मग चौथा, छत्री घेतलेला. प्रत्येक वेळी लाल बल्ब पेटत होता. आईचा एकही नेम चुकला नाही. नेम झाडाला नाही, एस.टी.ला नाही, मधूनच येणाऱ्या एका घराला नाही. फक्त त्या खाकी माणसाला.

पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत हसणं बंद झालं होतं. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. भाकरी थापताना असतो तसाच शांत होता. बाबांनी अर्ध्या चहाची कपबशी खाली ठेवली.

शेवटी एक दार आलं. दारात बाई उभी होती, निळं लुगडं. आणि तिच्याकडे पाठ करून चाललेला खाकी माणूस, बाकीच्यांपेक्षा मोठा कापलेला. त्याच्या हातात पांढरा लिफाफा.

"थांबव," आई म्हणाली.

मामानं पायडल थांबवलं. आईनं विमान हळूहळू खाली आणलं, त्या माणसावर धरलं, बटण दाबलं आणि अंगठा उचललाच नाही. घंटी वाजत राहिली. वाजतच राहिली. शेवटी मामानं हात घालून सेलची वायर ओढली.

आई स्टुलावरून उठली नाही. बाबांकडे न बघता म्हणाली, "माहं पत्र कुठं हाये?"

बाबा म्हणाले, "कोनं सांगतलं तुले?"

कोणतं पत्र, असं त्यांनी विचारलं नाही. मी ते ऐकलं आणि जागच्या जागी उभी राहिले. तोवर मला काहीच माहीत नव्हतं, पण काहीतरी खरं आहे एवढं त्या तीन शब्दांत कळलं.

"वाशिमले माही जुनी मैत्रीन भेटली. माह्या संगं परीक्षेले बसली होती. आता हेडमास्तरीन हाये. मले म्हने, आपल्या दोघीच्या आर्डरी येकाच दिवशी निंगाल्या होत्या, तू आली काहून नाई? मी तिले काय सांगू?"

लोक एकेक करून निघून गेले. गुरुजी जाताना आपली चप्पल विसरून गेले.

दीड महिन्यापूर्वी आई वाशिमला मला भेटायला आली होती. म्हणजे दीड महिना ती हे पोटात घेऊन बाबांचा डबा भरत होती. तिनं हे मामालाही सांगितलं नव्हतं.

घरात बाबा खाली मान घालून बसले. मी समोर होते तरी ते बोलले. आईला मास्तरणीची नोकरी लागली होती, शाळा मानोऱ्याकडे मिळाली होती. मी तीन वर्षांची होते. आजी अंथरुणाला खिळलेली. पत्र त्यांच्याच थैलीत आलं होतं. आज देऊ, उद्या देऊ म्हणता म्हणता हजर व्हायची मुदत गेली. मग द्यायचं तोंड राहिलं नाही.

"खरं सांगा," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "मले भेव वाटलं. तू मास्तरीन झाली असती. मी डाक वाटनारा. तू वापस आली नसती असं वाटलं."

"विचारलं असतं तं सांगतलं असतं मी, येतो का नाई येत ते."

मला दोघांकडेही बघवत नव्हतं. ज्या माणसानं घरोघर जाऊन पोरींना शिकवा म्हणून सांगितलं, तोच हा. मला फी भरायला पैसे देणारा, माझ्या निकालाची तार स्वतः धावत आणणारा तोच हा. दोन्ही एकाच माणसात कसे मावत होते ते मला तेव्हा कळलं नाही. पूर्ण कळलं असं आजही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गणवेश घालून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं दारात सायकलची घंटी वाजली. मी बाहेर आले. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी आईचं नाव घेतलं, तिच्या वडिलांच्या नावासकट. बाबांच्या तोंडून तिचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या हातात पिवळा पडलेला सरकारी लिफाफा होता. सतरा वर्षं त्यांनी तो फाडला नव्हता, फोडलाही नव्हता. कुठे ठेवला होता ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

आई चुलीपाशी होती. उठून दारापर्यंत आली. मला वाटलं, घेईल, रडेल.

तिनं लिफाफ्यावरचा पत्ता नीट वाचला. हात पुढे केला नाही.

"कोनी पत्र घेतलं नाई तं तुमी त्याच्यावर काय लिहिता?"

बाबांचे ओठ हलले. "घेन्यास नकार."

"मंग तसं लिहा. अन् वापस पाठवा."

बाबांनी खिशातून पेन काढलं, सायकलच्या सीटवर लिफाफा ठेवला आणि लिहिलं. मी बघत होते. खाली सही करताना त्यांचा हात दोनदा थांबला.

त्याच आठवड्यात मामा यात्रेला निघाला तेव्हा आई त्याच्याबरोबर निघाली. बाबांना तिनं विचारलं नाही, सांगितलं. यात्रा संपेपर्यंत ती पोहरादेवीला पेटीपाशी होती. मी दोन दिवस गेले होते. लमाण बायांचा तिच्याभोवती घोळका असायचा. ती त्यांना चित्रं कापून द्यायची, टाचण्या कशा लावायच्या ते दाखवायची, चांदी कुठे लावायची आणि कुठे नाही ते समजावून सांगायची. मोठ्यानं, हातवारे करत बोलायची. मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले. माझी आई इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं.

परत आल्यावर तिनं ओसरीवर बायांचा अक्षरवर्ग सुरू केला. पगार नव्हता, सही-शिक्का नव्हता. वस्तीतल्या बाया आल्या, पुढल्या वर्षी गावातल्या दोघी-तिघीही आल्या. बाबा त्या वेळेला बाहेर जाऊन बसायचे. कंदिलाची काच मात्र रोज तेच पुसून ठेवायचे.

त्यानंतर दोघं पंचवीस वर्षं एकत्र राहिली. बाबांच्या शेवटच्या आजारात आईनं त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर एकदा धीर करून मी विचारलं, "तू त्यांना माफ केलं होतं का?"

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मले माफी कोनी मांगतलीच नाई. मी वाट पाह्यली." मग सूप झटकून म्हणाली, "पान्याले आधण आलं का पाह्य."