स्टँडवरचा बाप

आमच्या गावच्या स्टँडवर एक पुतळा होता. कुण्या राजाचा नव्हता, पुढाऱ्याचा तर नव्हताच. विहीर खोदणाऱ्या माणसाचा होता. यारी म्हणजे विहिरीतला दगडमुरूम वर ओढणारं मशीन. त्या यारीच्या लोखंडी बादलीत त्याचा एक पाय, एक हात वर वायरला धरलेला, खांद्यावर पहार आणि नजर खाली. आता उतरणार, असा.

खर्ड्याच्या पुढचं आमचं गाव. रानं खडकाळ, पाऊस बेताचा, म्हणून पुरुषमाणसं पिढ्यान्‌पिढ्या विहिरींच्या कामावर गेली. दिवाळी झाली की यारी ट्रॅक्टरला जोडायची आणि निघायचं, पार नेवाशा-कोपरगावापर्यंत. दुसऱ्याच्या रानाला पाणी लावून द्यायचं आणि उन्हाळ्यात आपल्या दारात टँकरची वाट बघायची. गेलेल्यातले काही परत आलेच नाहीत. कुठं कड ढासळली, कुठं सुरुंग उशिरा उडाला, कुठं वायर तुटली. त्यांच्यासाठी गावानं वर्गणी काढून तो पुतळा बसवला होता. कामाला निघणारी प्रत्येक टोळी त्याच्यापुढं नारळ फोडून मगच गावाबाहेर पडायची.

न परतलेल्यात माझा बाप होता. घोडेगावच्या बाजूला एका विहिरीत कड ढासळली आणि तो खालीच राहिला. मी तेव्हा आईच्या पोटात होते. घरात त्याचा फोटो नाही, एकसुद्धा नाही. मग मी पुतळ्यालाच बाप करून टाकलं. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. दहावीचा निकाल आधी त्याला दाखवला. लग्नाची पहिली पत्रिका त्याच्या पायाशी ठेवली. आणि नवऱ्याचं घर कायमचं सोडून आले, तेव्हा हातातली पिशवी तशीच धरून आधी त्याच्यासमोर उभी राहिले, मग घरी गेले. लोक येडी म्हणायचे. म्हणेनात का. लोकांना त्यांचा बाप ओट्यावर बसून तंबाखू मळताना दिसत होता, मला नव्हता.

परत आल्यावर मी पुतळ्यासमोरच गाळा घेतला आणि ब्लाउज शिवायला लागले. आई माझ्याबरोबर बसायची. हूक लावणं, तुरपाई, काजं तिच्याकडं. ती कायम रस्त्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंडानं बसे. का, तर म्हणे पाठीवरनं उजेड नीट पडतो. शिवणकामात उजेडाचे प्रत्येकाचे नखरे असतात, मी कधी जास्त विचारलं नाही.

मग रस्ता रुंद करायचा ठरला. मोजणीवाले आले, पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून गेले आणि पुतळा बरोबर मधोमध सापडला. सरपंच म्हणाले, बायपासच्या कोपऱ्यावर नेऊ, तिथं बाग करू, लायटिंग करू, पोरं सेल्फी काढतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गाळ्यातनं उठून भर स्टँडवर त्यांना म्हटलं, "आमची माणसं काय शोभेची झाडं हायेत का, कुठं बी लावायला?"

त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय राहिला नाही. एसटी वळत नाही, उद्या एखादं पोर चाकाखाली येईल, असं हॉटेलवाल्याचं म्हणणं. शाळेपुढं न्या, मुलांना कळेल तरी, असं कुणाचं. एक म्हातारे विहीरवाले चाचा होते, यारी चालवून चालवून कानांनी बहिरे झालेले. ते एवढंच म्हणायचे, "जिथं नारळ फोडले तिथंच राहू द्या." त्यावर एक पोरगा पटकन बोलून गेला, "चाचा, आता नारळ फोडतंय कोण? बोअरची गाडी येते अन् एका दिसात निघून जाते." खरं होतं ते. टोळ्या निघणं बंद होऊन काळ लोटला होता. खरं होतं म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी पदर खोचला आणि दारोदार सह्या गोळा करायला निघाले. ज्यांच्या घरचं माणूस विहिरीत गेलं होतं, त्या सगळ्या बायकांकडं गेले. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला, एकीनं तर माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. आईची सही तेवढी घेतली नाही. ती तर माझीच होती, तिला काय विचारायचं.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. मी बोलले. चांगलं बोलले, असं लोक आजही म्हणतात. रस्त्याच्या कामाचे साहेब शेवटी म्हणाले की पुतळ्याभोवती गोल वळण ठेवता येईल. सरपंचांनी वारं ओळखलं. म्हणाले, "ठीक आहे, पुतळा हलणार नाही." टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांना वाटलं असावं, झालंच आहे तर थोडं श्रेय आपल्याही पदरात पडू दे. बायकांत बसलेल्या माझ्या आईला म्हणाले, "काकू, तुमी दोन शब्द बोला."

आई सभेत कधी तोंड उघडायची नाही. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "न्या त्याला."

कुणाला काही कळेना. मला वाटलं, म्हातारी गोंधळली. मी म्हटलं, "आये, तो ऱ्हातोय. आपुन जिंकलो."

"कळलंय मला," ती म्हणाली. "न्या म्हनते मी. तुमाला त्यो मान वाटतो. मी तिथं हुते बाबांनो, दगड उचलाया. त्ये असंच उभे हुते बादलीत, असाच हात वर. मला म्हनले, चहा ठेव, आलोच. मी चहा ठिवला." तिनं स्टँडकडं हात केला. "आता रोज सकाळी लेक दुकान उघडते, अन् ह्यो समोर उतरतोय. रोज उतरतोय. एक दिस वर येत न्हाई. पाठ करून बसले तरी मला दिसतोय. लई वर्सं झाली. आता न्या."

एवढं बोलून ती खाली बसली. माझ्या हातात सह्यांचे कागद होते, ते मी घडी करून पिशवीत टाकले. सरपंचांनी चाचपडत विचारलं, मग काय करायचं, न्यायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी हात वर केला. माझ्यामागनं एकेक करत बाकीच्यांचे गेले.

आम्ही दोघी घरी निघालो. पिठाच्या गिरणीपाशी आल्यावर मी विचारलं, जे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. भीतीच वाटायची. "आये, त्यो पुतळा दिसायला त्यांच्यासारखा हाय का गं?"

"न्हाई," आई म्हणाली. "काहीच न्हाई. त्ये ठेंगने हुते. कान मोठे, तुझ्यागत. अन् कायम दात काढायचे. एवढं गंभीर तोंड त्यांचं मी कधी बघितलं न्हाई."

मला तिचा भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू, आलाच. "मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस? मी निकाल दाखवत हुते त्याला. पत्रिका ठिवली."

"तुला बाप गावला हुता," ती म्हणाली. "कसा हिसकावून घिऊ?"

पुतळा काढायला क्रेन आली तेव्हा मी आईला घरीच ठेवलं. गाळ्याचं शटर ओढलं आणि बाहेर उभी राहिले. पायातल्या सळ्या कापायलाच सकाळ गेली. मग त्यांनी त्याला उचलून टेम्पोत पोत्यांवर आडवा निजवला आणि दोरीनं बांधला. पहिल्यांदाच मी त्याचं तोंड एवढ्या जवळून बघितलं. सिमेंट होतं. नाकावरचा रंग उडालेला, डोळ्यांत नुसते खळगे. हा माझा बाप नाही, हे मला आता पक्कं माहीत होतं. बापाचे कान मोठे होते, तो हसरा होता, मला सगळं माहीत होतं. तरी टेम्पो सुरू झाला आणि मी दोन पावलं त्याच्यामागं गेले.

मी तिथंच, उकरलेल्या मातीत बसले. आधी तोंडावर हात दाबून धरला, कारण समोर हॉटेलात माणसं होती, एसटीची वाट बघणाऱ्या बाया होत्या, आणि शहाणीसुरती बाई सिमेंटच्या पुतळ्यापायी भर स्टँडवर रडते हे बरं दिसत नाही. पण हातानं काही ते आवरेना.

कधी आली कळलं नाही, आई शेजारी येऊन बसली. मला वाटलं, म्हणेल, ऊठ, लोक बघायलेत. तिनं माझा तोंडावरचा हात धरून खाली घेतला.

"रड," ती म्हणाली. "सगळ्यांचं रडून झालं तवा तू पोटात हुतीस. तुझं राहिलंच हुतं."