तीस इंची पलंग

बाजारातला सिंगल पलंग छत्तीस इंच रुंद असतो. आमच्या मागच्या खोलीत छत्तीस इंच चालणार नव्हते, म्हणून मी हातानं पलंग केला. गोष्ट एवढीच. पण ती अण्णाच्या तोंडून ऐकाल तर तुम्हाला वाटेल, धाकट्या बहिणीला उतारवयात सुतारकामाचं खूळ लागलं आणि त्या खुळापायी आई बिचारी पडली. आई पडली हे खरं आहे. कशापायी पडली, ते मी सांगते.

आई आणि मी दोघीच राहतो, धारवाडला, केलगेरीच्या बाजूला. मी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करते. अण्णा, माझा थोरला भाऊ, हुबळीत असतो. दुर्गदबैलच्या बाजारात अप्पांनी, आमच्या वडिलांनी, थाटलेलं कापडाचं दुकान तोच बघतो. दर रविवारी येतो, आईच्या उशाशी बसतो, चहा पितो, घरातली एखादी गोष्ट कशी चुकीची आहे ते सांगतो आणि जेवायच्या आत परत जातो. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय.

मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं हाड मोडलं. आत रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन चालतं ठेवा, नाहीतर अंथरूण धरतील. आई चालायला तयार होती. तिचं मागणं एकच होतं, संडासला तिचं तिला जाता आलं पाहिजे. मी कचेरीत असताना कामाला येणारी अक्का बेडपॅन द्यायची, आणि ते नको म्हणून आई दिवसभर पाणीच प्यायची नाही. संध्याकाळी मी यायची तेव्हा तिचे ओठ वाळून गेलेले असायचे. माझ्यापुढेसुद्धा लाजायची. मी तुला धुतलं, तू मला धुवायचं नाही, असं एकदा म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. माझा जीव तीळतीळ तुटला त्या दिवशी.

संडास मागच्या खोलीला लागून आहे. ती खोली म्हणजे पूर्वीची पडवी, भिंत घालून बंद केलेली. लांबीला बरी, पण रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत छप्पन्न इंच. आईचा वॉकर पायाशी पंचवीस इंच. त्याहून अरुंद मिळतो, पण तो डगमगतो, डॉक्टरांनी नको म्हटलं. मग राहिलं काय? पलंग तीस इंच आणि वाट सव्वीस. वॉकर सरळ जाईल, दोन्ही अंगांना मिळून एक इंच मोकळा राहील. तेवढा पुरे होता, पण त्यातला दोराएवढासुद्धा कुणाला द्यायची सोय नव्हती.

सुतारकाम मला नवं नव्हतं. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मी अंदाजानं एक फळी मारली होती, ती डाळीच्या डब्यांसकट खाली आली. तेव्हापासून प्लॅनशिवाय करवतीला हात लावायचा नाही असं ठरवलं. इंटरनेटवर प्लॅन फुकट मिळतात. कुठला तुकडा किती लांब, आधी काय कापायचं, कुठे भोक पाडायचं, सगळं आखून दिलेलं असतं. लोकांना वाटतं, प्लॅन काढला की काम झालं. नाही हो. तो प्लॅन काढणाऱ्यानं तुमचं घर कुठे बघितलंय? त्याच्या देशातली माणसं उंच, गाद्या जाड, खोल्या ऐसपैस. प्लॅन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, मग आपल्या घराचं माप घ्यायचं, आणि त्याच्या कागदावरचा एकेक आकडा खोडून आपला लिहायचा. खरं काम ते. करवत काय, कुणीही ओढतं.

आईच्या पलंगासाठी मी तसंच केलं. त्याची उंची कमी केली, कारण काठावर बसल्यावर आईचे तळवे फरशीला टेकले पाहिजेत. आपली कापसाची गादी बसल्यावर दबते, तेही धरलं. लांबी बहात्तर ठेवली, रुंदी तीस. मग सामान घ्यायच्या आधी मागच्या खोलीच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापाचा पलंग काढला आणि आईला म्हटलं, ह्या रेषेच्या आत पलंग आहे असं समज आणि वॉकर घेऊन चाल. ती चालली. रेषेवर पाय पडू न देता दारापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि हसली. खुबा मोडल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

जुन्या हुबळीतल्या वखारीतून सागवान आणलं. रोज कचेरीतून आल्यावर थोडं थोडं करत गेले. खाचा पाडल्या, त्यांत बसणारी कुसं तासली, एक पाय चुकला तो परत केला. अण्णा एका रविवारी येऊन बघून गेला आणि म्हणाला, बायकांनी रंधा मारलेला त्यानं आजवर बघितला नव्हता. मी म्हटलं, आता बघितलास, झालं की.

पलंग बसला. आणि आई जायला लागली, तिची ती. उठायची, वॉकर धरायची, संडासला जाऊन यायची. दुपारचा चहा मागून प्यायला लागली. अक्का मला कानडीत सांगायची की आजी आता दार आतून लावून घेतात, मला जवळ फिरकू देत नाहीत. तेवढे दिवस घर कसं हलकं होतं.

मग एका रविवारी अण्णा टेप घेऊन आला. दुकानातला कापड मोजायचा टेप. आल्या आल्या पलंगाची लांबी मोजली, रुंदी मोजली, मोबाइल काढून गुणाकार केला, आठानं भागलं आणि तोंड पाडून बसला. आमच्याकडे घर बांधताना आय बघतात. लांबी गुणिले रुंदी, भागिले आठ, उरेल ती बाकी शुभ की अशुभ. अण्णानं स्वतःचं घर तसंच बांधलंय आणि त्याचा त्याला फार अभिमान. पण पलंगाची आय? बाकी शून्य आली म्हणे. शून्य म्हणजे कावळ्याची आय, आणि दुखणेकऱ्यानं तसल्या मापावर झोपायचं नसतं. लांबीला एक इंच वाढव, रुंदीला एक इंच वाढव, म्हणजे बाकी सात, गजाची आय. हत्ती. उत्तम.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, अरे, ज्या ऋषींनी हे लिहिलं त्यांच्याकडे काय इंचाचा टेप होता? सेंटिमीटरनं मोज, बाकी वेगळी येईल. तो म्हणाला, शास्त्राची थट्टा करू नकोस. बरं, शास्त्र तर शास्त्र. मी तिथल्या तिथे त्याच्याच मोबाइलवर हिशेब केला. एकेक इंच वाढवण्याऐवजी एकेक इंच कमी केला तर बाकी तीन येते, सिंहाची आय, तीही शुभ. कापायचं काम माझं, दोन संध्याकाळी लागतील, आईला वाट आणखी मोकळी होईल. यापेक्षा काय पाहिजे होतं? पण नाही. कमी करायचं नसतं म्हणे. घरातली वस्तू वाढती असावी.

"अण्णा, तिचा वॉकर अडकेल," मी म्हटलं.

"एका इंचानं काय होतंय गं?"

"एका इंचानं काही होत नसेल तर राहू दे की तीसच."

तो आईकडे वळला. अडला की तो तिच्याकडे वळतो, लहानपणापासूनची सवय. हळू आवाजात तिला म्हणाला, तुझ्या काळजीपोटी बोलतोय मी, हिला वाटतं मी नावं ठेवायला येतो. आणि आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जो पलंग तिला दिवसातून चारदा उठवत होता, त्याच्यावर बसून तिनं मला सांगितलं, "अण्णा म्हणतोय तसं कर. इरली बिडु."

इरली बिडु. असू दे, सोड. आयुष्यभर मी हेच ऐकत आलेय, आणि सोडायचं असतं ते नेहमी मीच. मी म्हटलं, मी करणार नाही. आणि उठून आत गेले.

मी नाही केलं. अण्णानं केलं. मंगळवारी मी कचेरीत असताना दुकानातल्या फळ्या बसवणाऱ्या सुताराला घेऊन आला, आणि माझ्या पलंगाला बाहेरच्या अंगाला एक इंच जाडीची पट्टी ठोकून घेतली, पायथ्याला दुसरी. जंगली लाकूड, रंधासुद्धा नीट मारलेला नाही. वर हळदकुंकू लावलं. संध्याकाळी येऊन बघते तर सागवानाच्या पलंगाला ही चिंधी. मी पक्कड आणायला वळले तर आई म्हणाली, हात लावू नकोस, पूजा केलीय त्याची. मग मला दाखवायला म्हणून वॉकर घेऊन उठली. वॉकर भिंतीला घासत, पट्टीला घासत गेला. दोन ठिकाणी तिनं तो उचलून पुढे टाकला. म्हणाली, जातंय की.

पुढच्याच आठवड्यात पडली. दुपारी अक्का अंगणात कपडे वाळत घालत होती. वॉकरचा पाय पट्टीच्या टोकाला अडकला, आईनं जोर लावला, तो सुटला तो एकदम सुटला. मला कचेरीत फोन आला. घरी जाईपर्यंत मी रिक्षात काय काय बोलले असेन ते रिक्षावाल्याला माहीत. खुब्याचा एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, उद्यापासून परत चालवा.

पण आई उठेना. मी धरते म्हटलं, अक्का धरते म्हणाली, व्यायामाला शिकवणारा मुलगा येऊन गेला. वॉकर नुसता पुढे ठेवला तरी ती पलंगाचा काठ घट्ट धरायची. भीती बसली ती बसली. आणि पुन्हा ते सुरू झालं, पाणी न पिणं, वाळलेले ओठ, भिंतीकडे तोंड.

अण्णा काय म्हणाला, सांगू? म्हणाला, बघ, गजाची आय होती म्हणून हाड वाचलं. हे त्यानं मला माझ्याच घरात, माझ्या हातचा चहा पिता पिता सांगितलं. वर म्हणाला, वय झालंय तिचं, हे होणारच होतं, आता डायपर लावा. आणि डायपरचे गठ्ठे तो आणायला लागला, दर रविवारी, न चुकता, दोन्ही हातांत धरून. शेजारच्या काकू फाटकातून बघतात आणि म्हणतात, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. भाग्यच लागतं, दुसरं काय. डायपर बदलते मी. आई त्या वेळी डोळे मिटून घेते, आणि मी काहीतरी वायफळ बडबडत राहते, कचेरीतलं, भाजीच्या भावाचं.

गेल्या शनिवारी सुट्टी होती. अक्काला घरी पाठवलं, पक्कड आणि पटाशी घेऊन खोलीत गेले आणि बाहेरच्या अंगाची पट्टी काढली. आई बघत होती. नको म्हणाली नाही, पूजेचं नाव काढलं नाही. खिळे उपटले, भोकं बुजवली, फरशी पुसली. वॉकर वाटेत उभा केला आणि हातानं हलवून दाखवला. बघ, कुठे लागत नाही. उठतेस? मी पाठीशी उभी आहे. फक्त उभी राहा, चालू नकोस.

तिनं वॉकरकडे बघितलं. मग त्या मोकळ्या वाटेकडे बघितलं. तिला कळलं होतं. पट्टी ठोकली त्या दिवशीही तिला कळलं होतं, नाहीतर वॉकर उचलून पुढे टाकला नसता. मला वाटलं, आता उठेल. तिनं एक हात पुढे केला, पण तो वॉकरकडे आला नाही. माझं मनगट धरलं.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "तो यायच्या आत परत ठोकशील ना गं? त्याला वाईट वाटेल."

मी ठोकली. तेच खिळे सरळ करून, जवळच नवी भोकं पाडून ठोकली. आणि मग तिचा डायपर बदलला.